लाख, लखोटा आणि ओटीपी

माझं अक्षर चांगलं आहे. आयुष्यात माझ्यावर आलेल्या निम्म्या संकटांचं मूळ तिथे आहे. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला मी, भावकीत लग्नपत्रिकांवर नावं घालायला मी, आणि कॉलेजात चिकटल्यावर तिसऱ्याच वर्षी प्राचार्यांनी बोलावून सांगितलं, "सर, तुमचं अक्षर मोत्यासारखं. ब्लॉकच्या दारांवर बैठक क्रमांक लिहायला असंच माणूस पाहिजे. परीक्षा विभाग तुम्ही बघा." त्या दिवसापासून मी मराठीचा प्राध्यापक जेमतेम आणि महाविद्यालयाचा परीक्षा अधिकारी पुरेपूर आहे. या पदाची इंग्रजी आद्याक्षरं ‘सीईओ’ अशी होतात. दारावर तशी पाटीही आहे. माझ्या मेव्हण्याने ती एकदा पाहिली आणि तेव्हापासून तो माझ्याकडे नोकरी मागतो.

पुढे विद्यापीठाने एकेक करत सगळंच इलेक्ट्रॉनिक केलं. बैठक क्रमांक संगणकावरून छापून यायला लागले. मोत्यांना काम उरलं नाही, पद मात्र गळ्यात राहिलं.

आधीचं परीक्षेचं राज्य लाखेवर चालायचं. प्रश्नपत्रिकांचे सीलबंद लखोटे जीपमधून यायचे. कपाटाला दोन कुलपं, एक किल्ली प्राचार्यांच्या कमरेला आणि एक माझ्या जानव्याला असावी तशी गळ्यात. पेपरच्या दिवशी लखोटा ब्लॉकमध्ये न्यायचा, दोन परीक्षार्थींना सील दाखवायचं, त्यांच्या सह्या घ्यायच्या आणि मग फोडायचा. ज्या पोरांची वर्षभर कुणी कसलीच सही मागितलेली नसायची, ती त्या क्षणी रजिस्टर लग्नातल्या साक्षीदारासारखी गंभीर होत. पेपर संपला की उत्तरपत्रिकांचे गठ्ठे कापडात बांधायचे, सुतळी आवळायची आणि गाठीवर लाख.

लाखेचं खातं आमच्या शिपाईमामांकडे होतं. त्यांना सगळं कॉलेज मामाच म्हणतं. मेणबत्तीवर लाखेची कांडी धरून थेंब कुठल्या वेळी गाठीवर सोडायचा, हे त्यांना वासावरून कळायचं. पितळी शिक्क्याला आधी जिभेने ओल लावायची, मग तो दाबायचा, तीन आकडे मोजायचे आणि उचलायचा. प्राचार्यांनी एकदा हौसेने स्वतः सील मारून पाहिलं, तर शिक्का लाखेसकट त्यांच्या हातात आला. तेव्हापासून कॉलेजात मामांचा दर्जा प्राचार्यांच्या किंचित वर आहे.

परीक्षा ही मुळात एकमेकांवर अजिबात भरवसा नसलेल्या माणसांनी मिळून चालवलेली गोष्ट. विद्यापीठाचा कॉलेजवर नाही, कॉलेजचा पोरांवर नाही, पोरांचा पेपर काढणाऱ्यावर नाही, आणि पेपर काढणाऱ्याचा मानधन वेळेवर मिळण्यावर नाही. हा सगळा अविश्वास लाखेच्या चार थेंबांत मावायचा. मग कुणीतरी ठरवलं, की हा अविश्वास आता आधुनिक केला पाहिजे.

पहिल्यांदा लखोटे गेले. प्रश्नपत्रिका पोर्टलवर यायला लागल्या. पेपरच्या थोडं आधी कुलूप उघडायचं, पासवर्ड ईमेलवर येणार आणि ओटीपी प्राचार्यांच्या मोबाइलवर. आता आमचं कॉलेज आहे सह्याद्रीच्या कुशीत. कुशीत म्हटलं की ऐकायला छान वाटतं, पण रेंज कुशीत शिरत नाही. प्राचार्यांच्या मोबाइलला फक्त गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या पूर्वेला, एका पायरीवर उभं राहिलं की दोन काड्या मिळतात. म्हणून व्यवस्था अशी बसली: प्राचार्य टाकीपाशी, मामा जिन्यात, मी खालच्या दारात आणि संगणकावर नवा ऑपरेटर. प्राचार्य वरून ओरडणार, मामा झेलणार, मी पुढे फेकणार. विद्यापीठाच्या परिपत्रकात ओटीपीबद्दल ‘अत्यंत गोपनीय’ असे शब्द होते. कँटीनवाल्याला तो आमच्याआधी पाठ व्हायचा.

पहिल्याच दिवशी प्राचार्यांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "एकोणसाठ, त्र्याहत्तर, अठ्ठ्याऐंशी!" मामांनी तसंच झेललं, मी तसंच फेकलं. ऑपरेटर पोरगा इंग्रजी माध्यमातला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सर, एकोणसाठ म्हणजे सिक्स्टी नाइन ना?" मी मराठीचा प्राध्यापक. मातृभाषेच्या आजच्या स्थितीवर मी तासभर बोलू शकलो असतो, पण ओटीपीची मुदत तेवढी नव्हती. तो गेला. दुसरा मागवला. या वेळी प्राचार्यांनी सुटे आकडे सांगितले, पण मधेच टाकी भरून वाहायला लागली आणि ‘सात’ पाण्यात गेला. तिसरा ओटीपी लागला तेव्हा आम्हा चौघांना घाटातून बस चढवल्याचं समाधान झालं.

त्यानंतर छपाई. ही परीक्षा इलेक्ट्रॉनिक असली तरी शेवटी पोराच्या हातात कागदच द्यायचा असतो. पूर्वी छापून यायचा, आता आम्ही छापायचा, एवढीच प्रगती. प्रत्येक पानावर आमच्या कॉलेजचं नाव तिरपं, पुसट छापलेलं. पेपर फुटलाच तर कुठल्या घरातून बाहेर पडला ते कळावं म्हणून. गुन्हा व्हायच्या आधीच आपली ओळखपरेड करून ठेवणारी ही यंत्रणा बघून मला पहिल्यांदा तिच्याबद्दल आदर वाटला. दीडशे प्रती निघेपर्यंत प्रिंटर तापायचा. मामा त्याला पुठ्ठ्याने वारा घालायचे. लाखेचा माणूस, उष्णतेशी जुनी ओळख.

आणि वीज. कोयनेचं पाणी आमच्या बाजूला अडवलंय. बोगद्यातून ते डोंगरापलीकडे कोकणात उतरतं. सगळ्या प्रकल्पाची मिळून क्षमता १९६० मेगावॉट. ती वीज दूरदूरच्या कारखान्यांना, शहरांना उजेड देते. आम्ही, ज्यांच्या उशाला ते धरण आहे, ते पेपरच्या दिवशी जनरेटरसाठी कॅनमधून डिझेल आणतो. भूगोलाच्या सरांनी हे एकदा वर्गात समजावून सांगितलं, तेव्हा एक पोरगं म्हणालं, "म्हणजे सर, आपण फक्त ओलं व्हायचं?"

हे सगळं अंगवळणी पडत होतं तोवर २०२० उजाडलं. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, कॉलेजला कुलूप लागलं, आणि लाखेशिवाय मारलेलं ते सगळ्यांत पक्कं सील निघालं. अंतिम वर्षाची परीक्षा घ्यायची की नाही, यावर पुढचे काही महिने देशभर जो पेपर चालला, त्यात सगळेच परीक्षार्थी होते. जुलैत यूजीसी म्हणाली घ्या, राज्य म्हणालं कशी घेणार, पोरं म्हणाली कशाला घेता, आणि २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. निकालपत्र मी काही वाचलं नाही. माझ्यापर्यंत त्याचा अर्थ प्राचार्यांच्या फोनवरून आला. "सर, साठ प्रश्न काढा. चार पर्यायांचे. परवापर्यंत."

मी तीस वर्षं ‘सविस्तर विवेचन करा’ असं म्हणत आलो. ‘टिपा लिहा’ हा मला उथळपणा वाटायचा. आणि आता आधुनिक मराठी कवितेला अ, ब, क, ड या चार खुंट्यांवर टांगायचं होतं. ‘या कवितेत कवीच्या मनाची अवस्था कशी आहे? अ) विषण्ण, ब) उदास, क) खिन्न, ड) वरील सर्व.’ असे प्रश्न लिहिताना माझी स्वतःची अवस्था कुठल्याच पर्यायात बसत नव्हती. पण ‘वरील सर्व’ हा पर्याय एकदा सापडला आणि काम भराभर झालं. दर तिसऱ्या प्रश्नाला मी तो लावला. मला कल्पना नव्हती की सॉफ्टवेअर प्रत्येक विद्यार्थ्याला पर्याय उलटसुलट करून दाखवणार आहे. कॉपी होऊ नये म्हणून. परीक्षेत निम्म्या पोरांना पहिलाच पर्याय दिसला ‘वरील सर्व’, आणि त्याच्या वर होता फक्त प्रश्न.

त्याआधी फॉन्टचं रामायण झालं. आमच्या खात्यात टायपिंग अजून जुन्या फॉन्टमध्ये चालतं. आमच्या पडद्यावर ते अस्सल मराठी दिसतं, दुसऱ्याच्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या खुणांची आघाडी. ते युनिकोडमध्ये फिरवून देणारं एक साधन कॉम्प्युटरच्या सरांनी शोधून काढलं. त्याने काम चोख केलं, फक्त रफाराशी त्याचं वैर होतं. मर्ढेकरांचे सगळे प्रश्न ‘मढेकर’ या नावाने आले. मी रात्री दोन वाजेपर्यंत कवीच्या डोक्यावर रफार परत ठेवत बसलो होतो. सौभाग्यवती पाणी प्यायला उठली, पडद्यावर डोकावली आणि "कोण गेलं?" असं विचारून झोपायला गेली.

मुख्य परीक्षेआधी सराव परीक्षा. तिची सूचना आम्ही ठळक अक्षरांत पाठवली, ‘हा फक्त सराव आहे’. सरावात प्रश्न होते भारताची राजधानी कुठली, दोन आणि दोन किती. आमच्या एका विद्यार्थ्याने तो मन लावून सोडवला, पैकीच्या पैकी मिळवले, पेढे वाटले आणि मुख्य परीक्षेच्या दिवशी भात कापायला गेला. मी फोन केला तर शांतपणे म्हणाला, "सर, माझा पेपर झाला की. लई सोपा होता."

त्या ऑक्टोबरात हेल्पलाइन म्हणून नोटिशीत माझा नंबर गेला होता. कुणी दिला, हे विचारायची सोय नव्हती, कारण सही प्राचार्यांची होती. सकाळी सातपासून फोन. कुणाला लॉगइन होईना, कुणाचा पीआरएन चुकलेला, कुणाच्या भावाने फोन रिचार्जच केला नव्हता. वाडीवस्तीवरची पोरं रेंजसाठी सड्यावर चढून बसलेली. एकाने तर मला झाडावरून फोन केला. "सर, पेपर सबमिट झाला."

"छान झालं की मग."

"व्हय, पर उतरताना फांदी मोडली. आता मला खाली येता येईना." हेल्पलाइनच्या कार्यकक्षेत हे बसत नव्हतं, तरी मी त्याच्या घरी फोन लावला.

आणि एका माउलीचा फोन मी जन्मात विसरणार नाही. पोराचा पेपर चालू होता. कॅमेऱ्यातून विद्यापीठ बघतंय, एवढं तिला त्याने सांगितलेलं. ती मला म्हणाली, "सर, तुम्हाला तिकडनं तो दिसतोय न्हवं? मग जरा सांगा त्याला, सकाळधरनं उपाशी हाय, पेपर झाला की आधी भाकरी खा म्हणावं. माझं ऐकत न्हाय." मी "सांगतो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

कॅमेऱ्याचा मामला असा होता की पडद्यासमोर परीक्षार्थीशिवाय दुसरा चेहरा दिसला की यंत्र लाल खूण करायचं. पूर्वी भरारी पथक जीपने यायचं. त्याला पोहे, चहा, वर नारळपाणी दिलं की ते एखादी चिठ्ठी पकडून समाधानाने जायचं. हे नवं पथक काही खात नव्हतं आणि डोळा मिटत नव्हतं. त्याने आमच्या एका मुलीवर सबंध तासभर लाल खुणा केल्या. ‘दुसरी व्यक्ती उपस्थित.’ चौकशी समिती बसली, तिसरा सदस्य मी. समितीने छायाचित्र मोठं करून पाहिलं. मुलीच्या मागे भिंतीवर, चंदनाच्या हारात, तांबड्या फेट्यातले एक गृहस्थ तिच्या खांद्यावरून पेपरात बघत होते.

"आजोबा हायत सर," मुलगी म्हणाली. "मी शाळेत जायच्या आधीच वारलेत."

अर्थशास्त्राचे सर अध्यक्ष. नियमांचे पक्के. त्यांनी विचारलं, "शिक्षण किती झालेलं त्यांचं?"

"चौथी."

अध्यक्षांनी अहवालात लिहिलं की सदर व्यक्ती परीक्षार्थीस साहाय्य करण्याच्या स्थितीत नव्हती. नमुन्यात एक रकाना होता, ‘परीक्षार्थीकडून हस्तगत केलेले साहित्य’. कागदी परीक्षेत तिथे चिठ्ठी टाचणीने टोचायची पद्धत. बराच खल होऊन आम्ही तिथे ‘निरंक’ असं लिहिलं. आजोबा बचावले.

सोमवार, १२ ऑक्टोबर. सकाळी दहाच्या सुमारास मुंबईची वीज गेली. मुंबईची! लोकल थांबल्या, परीक्षा पुढे ढकलल्या, टीव्हीवरचे निवेदक ज्या आवाजात बोलत होते तो आवाज मी फक्त युद्धाच्या बातम्यांना ऐकला होता. आमच्या तालुक्यात त्या दिवशी वीज होती. मामा स्टाफरूमच्या दारात उभे राहून ती बातमी बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, तेवढे ते मनाने मोठे आहेत. पण शेजाऱ्याच्या घरी पहिल्यांदाच जावई रुसला की आपल्या चेहऱ्यावर जे काही येतं, ते होतं. "जनरेटर ठेवाय पाहिजे हुता त्येंनी," एवढंच म्हणाले.

निकाल लागला तो असा की गुणवत्तेचा महापूर. एटीकेटीच्या आधाराने पाच वर्षं तग धरलेली मंडळी ‘ओ’ श्रेणीत पार झाली. मला त्यांचा राग नाही. घरातले बुजुर्ग दवाखान्यात, कमाई बंद, आणि हातात काकाचा फोन घेऊन त्या पोरांनी परीक्षा दिली. त्या वर्षी मी कुणाचीच उत्तरं फार जवळून पाहिली नाहीत. मर्ढेकरांना रफार परत मिळाला होता, मला तेवढं पुरे होतं.

मग एक कार्यशाळा झाली, ऑनलाइनच. पाहुण्या वक्त्यांनी फिनलंडचं उदाहरण दिलं. तिथे २०१६ ते २०१९ या काळात शालेय शिक्षणाअखेरची मोठी परीक्षा टप्प्याटप्प्याने संगणकावर नेली. विद्यार्थी आपापला लॅपटॉप आणतात, त्याला एक पेनड्राइव्ह लावतात आणि लॅपटॉप परीक्षेपुरता सगळं विसरून फक्त परीक्षा दाखवतो. आम्ही सगळे भारावलो. आमच्या लॅबमध्ये पेनड्राइव्ह लावला की परीक्षा नव्हे, व्हायरस सुरू होतो. अर्थात यात कमीपणा वाटून घ्यायचं कारण नाही. २००९ साली आयआयएमची कॅट परीक्षा पहिल्यांदा संगणकावर झाली, तेव्हाही कित्येक केंद्रांवर यंत्रं आडवी झाली आणि कारण व्हायरसच सांगितलं गेलं. हे मी प्रश्नोत्तरांच्या वेळी बोलणार होतो, पण माझा माइक बंद होता आणि मी तो चालू आहे असं समजून पाच मिनिटं बोललो.

पोरं पुन्हा वर्गात आली तेव्हा त्यांची बोटं पेन विसरली होती. अक्षरं अशी, की माझ्या मोत्यांनी अंगठीतून उडी मारावी. त्यात आता उत्तरपत्रिका स्कॅन होऊन पडद्यावर येतात आणि आम्ही त्या माउसने तपासतो. रसग्रहणाच्या उत्तरावर बरोबरची खूण ओढत नेऊन टाकायची. कोरं पान आलं तरी ते उघडून बघितल्याशिवाय यंत्र पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे पुरवणीची कोरी पानं मी वृत्तपत्राच्या जाहिरातींसारखी एकेक उलटतो. पूर्वी कॅप सेंटरला तपासणीला जायचो. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या कॉलेजचे सर, मधे चिवडा, आणि एखादं अफलातून उत्तर सापडलं की सगळ्या हॉलला वाचून दाखवायचं. आता एकटाच हसतो आणि बायको आतून विचारते, "बरं आहे ना?" एक मात्र कबूल करतो. बेरीज यंत्र करतं, आणि चुकत नाही. माझ्या बेरजांनी किती जणांची आयुष्यं इकडची तिकडे झाली असतील, याचा विचार मी मुद्दाम करत नाही.

या साऱ्या संगणकीय तपासणीच्या मानधनाचं बिल मात्र तीन प्रतींत, शाईच्या पेनने, महसुली तिकीट चिकटवून, त्यावर आडवी सही करून पोस्टाने पाठवायचं असतं. माझ्या अक्षराला उरलेलं ते एकमेव काम.

मामा या सगळ्या काळात मलूल होते. लाखेचा डबा स्टोअरमध्ये, पितळी शिक्का प्राचार्यांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून. मागच्या परीक्षेला नवीन परिपत्रक आलं. प्रत्येक केंद्राने परीक्षा काळातलं सीसीटीव्ही चित्रण पेनड्राइव्हवर घ्यावं आणि तो पेनड्राइव्ह कापडी लखोट्यात घालून, लाखेने सीलबंद करून विद्यापीठात समक्ष जमा करावा.

मी ते मोठ्याने वाचलं. मामा काही बोलले नाहीत. स्टोअरमधून डबा घेऊन आले, प्राचार्यांच्या कागदांवरचा शिक्का न विचारता उचलला, मेणबत्ती पेटवली. लखोटा हातात घेऊन, बोटांनी आतला पेनड्राइव्ह चाचपत ते बराच वेळ थांबले.

"काय झालं मामा?"

"न्हाय, म्हणलं, ह्याच्यात सगळ्या ब्लॉकातली पोरं हायती न्हवं?"

"हो, आहेत."

"मग जरा लांबनंच सोडतो थेंब," मामा म्हणाले, आणि त्यांनी कांडी तिरपी केली.